हरवलेली नोंद परत आणण्याची विद्या



शाळा सोडल्याचा दाखला हरवला म्हणजे घरात काय धावपळ उडते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पासपोर्ट अडतो, शिष्यवृत्ती अडते, आखाती देशात ठरलेली नोकरीही अडते. मग आपण शाळेकडे धाव घेतो. लेखनिक जुने जनरल रजिस्टर काढतात, त्यात नाव व जन्मतारीख सापडते आणि दाखल्याची दुसरी प्रत हातात पडते. जीव भांड्यात पडतो. परंतु ते रजिस्टरच वाळवीने खाल्ले असेल किंवा पुरात भिजले असेल तर? माणूस समोर उभा असतो, शिकलेला असतो, पण कागदावर तो नसतोच.

नोंद जपणे ही काही आजची गोष्ट नव्हे. दफ्तर, कारकून, नक्कल, रुजू हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि असे रुळले, की ते बाहेरून आले हेही आपण विसरलो. सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीचा कारभार पाहणाऱ्या मलिक अंबरने जमिनीची पाहणी करून महसूल बांधून दिला. अशा नोंदींच्या बळावरच राज्यकारभार चाले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील कागदांचे प्रचंड भांडार आजही जतन केलेले आहे. काळ बदलला, दफ्तराची जागा संगणकाने घेतली. संगणकातील या दफ्तराला ‘डेटाबेस’ म्हणतात आणि ते सांभाळणाऱ्यास ‘डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर’. या मंडळींच्या विद्येचा इतिहास आपणापुढे मांडावा, म्हणून हा लेख.

सेंट लुईसची आग

प्रथम एका आगीची हकीकत ऐका. अमेरिकेत सेंट लुईस शहराजवळ सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणारे एक मोठे शासकीय केंद्र होते. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर या सहा मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आग लागली. ती पूर्णपणे विझण्यास चार दिवसांहून अधिक काळ लागला. सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून निवृत्त झालेल्या सैनिकांच्या नोंदींपैकी सुमारे ऐंशी टक्के नोंदी त्यात गेल्या. या फायलींची दुसरी प्रत नव्हती, सूक्ष्मचित्रण झालेले नव्हते, कोणती फाईल होती याची सूचीसुद्धा नव्हती.

म्हणजे काय गेले हे सांगण्याचे साधनही गेले. महायुद्धात लढून आलेल्या म्हाताऱ्या सैनिकाला औषधोपचाराचा आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळविण्यासाठी ‘मी सैन्यात होतो’ हे सिद्ध करावे लागले. पुढे अधिकाऱ्यांनी पगाराची बिले, रुग्णालयांच्या याद्या, इतर खात्यांकडील कागद यांतून तुकडे गोळा करून नोंदी पुन्हा उभ्या केल्या. भिजलेल्या फायली वाळवून वाचविल्या. हे काम अनेक वर्षे चालले. एका प्रतीवर विसंबून राहण्याची किंमत ती घटना आजही सांगत आहे.

संगणकाचे दफ्तर कसे घडले

याच सुमारास संगणकाच्या जगात एक नवी व्यवस्था आकार घेत होती. १९५० नंतरच्या दशकात माहिती चुंबकीय फितीवर साठविली जाई. फितीत एक अडचण होती. हवी ती नोंद शेवटाला असेल, तर सारी फीत उलगडावी लागे. १९५६ साली आय. बी. एम. कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सर्व मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज खिशातल्या फोनमधील एका छायाचित्राला तेवढी जागा सहज लागते. पण या तबकड्यांमुळे हवी ती नोंद थेट काढता येऊ लागली आणि पुढच्या साऱ्या गोष्टी शक्य झाल्या.

साठच्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाखमन यांनी परस्परांशी जोडलेल्या नोंदींची एक व्यवस्था तयार केली. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या योजनेत लक्षावधी सुट्या भागांची यादी सांभाळावयाची होती. त्या गरजेतून आय. बी. एम. ची ‘आय. एम. एस.’ ही प्रणाली निघाली आणि १९६८ साली ती चालू झाली. १९७० साली एडगर कॉड या मूळच्या इंग्रज शास्त्रज्ञाने एक लेख लिहून सुचविले, की माहिती साध्या तक्त्यांत, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांत मांडावी आणि ती यंत्रात कोठे ठेवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये. आपल्या हजेरीपटासारखीच ही मांडणी होय. प्रथम तिच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९७९ साली ओरॅकल या नव्या प्रणालीची विक्री सुरू झाली आणि ही मांडणी हळूहळू जगभर पसरली. बाखमन यांना १९७३ साली आणि कॉड यांना १९८१ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

पूर्वी प्रत्येक विभाग आपापल्या फायली ठेवी. आता सर्वांची माहिती एकाच ठिकाणी आली. साहजिकच प्रश्न उभा राहिला, की या सामाईक दफ्तराची जबाबदारी कोणावर? कोणी काय पाहावे, कोणी काय बदलावे, प्रत केव्हा काढावी, बिघाड झाला तर पुन्हा कसे उभे करावे, हे ठरविणारा एक माणूस हवा. सत्तरच्या दशकात डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर हे पद असे जन्माला आले.

रोजकीर्द आणि खतावणी

या माणसाची सर्वांत मोठी कसोटी बिघाडाच्या वेळी लागते. समजा, बँकेत एका खात्यातून पाचशे रुपये वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याच्या आत वीज गेली. पैसे गेले कोठे? याचे उत्तर शोधण्यात जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाचा वाटा फार मोठा आहे. त्यांचा नियम असा, की व्यवहार झाला तर पूर्ण व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये. अर्धवट अवस्था राहता कामा नये. या कार्यासाठी १९९८ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २८ जानेवारी २००७ रोजी ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाच्या बोटीने समुद्रात गेले आणि परत आले नाहीत. हरवलेली माहिती शोधण्याचा मार्ग दाखविणाऱ्या या माणसाचा, मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रे तपासूनही, शोध लागला नाही.

हा नियम यंत्रात कसा पाळला जातो, हे आपल्याकडील कोणत्याही व्यापाऱ्यास चटकन कळेल. दुकानात दोन वह्या असतात. पहिली रोजकीर्द, जे घडेल ते घडेल त्या क्रमाने तीत लिहावयाचे. दुसरी खतावणी, तीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते वेगळे. खतावणी फाटली तरी हुशार मुनीम घाबरत नाही. मागच्या महिन्याच्या शिलकेची नक्कल जवळ असली आणि त्यानंतरची रोजकीर्द शाबूत असली, की तो सारी खाती पुन्हा उभी करतो.

डेटाबेसचेही नेमके असेच आहे. तक्ते म्हणजे खतावणी. प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये लिहिला जातो आणि मगच खतावणीत जातो. हा क्रम कधीही उलटा होऊ द्यावयाचा नाही. बिघाडानंतर यंत्र तीन पायऱ्या चढते. प्रथम लॉग वाचून कोणते व्यवहार पुरे झाले व कोणते अर्धवट राहिले याची छाननी. नंतर लॉगमधील सारे बदल पुन्हा करून बिघाडाच्या क्षणाची स्थिती आणणे. शेवटी अर्धवट राहिलेले व्यवहार रद्द करणे. ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध असलेली ही पद्धत १९९२ साली सविस्तर मांडली गेली. तिचे प्रमुख कर्ते सी. मोहन हे तामिळनाडूचे आणि मद्रासच्या आय. आय. टी. चे विद्यार्थी. आज अनेक मोठ्या डेटाबेस प्रणालींत या पद्धतीचा किंवा तिच्या वंशजांचा वापर होतो, ही गोष्ट आपल्या मुलांनी अवश्य लक्षात ठेवावी.

आपल्या देशातील शिक्षण

१९७८ साली आय. बी. एम. ने भारतातील कारभार गुंडाळला. त्या कंपनीची यंत्रे मात्र येथेच होती. त्यांची देखभाल सी. एम. सी. या सरकारी कंपनीच्या अभियंत्यांनी अंगावर घेतली आणि नाना बनावटीच्या यंत्रांशी झुंजत एक पिढी तयार झाली. याच कंपनीने रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची प्रणाली बांधली. ती १९८५ साली नवी दिल्ली येथे सुरू झाली आणि पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास येथेही आली. आरंभी प्रत्येक शहराचे दफ्तर वेगळे होते. दुसऱ्या शहरातून निघणाऱ्या गाडीचे आरक्षण सहज मिळत नसे. १९९९ साली ही सारी केंद्रे एकमेकांस जोडली गेली. मुंबईच्या खिडकीवरून कोठल्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, ते या जोडणीमुळे.

काम वाढले, तशी शिकलेल्या माणसांची मागणी वाढली. एन. आय. आय. टी. १९८१ साली व ॲपटेक १९८६ साली निघाली. १९८८ साली सी-डॅक ही शासकीय संस्था स्थापन झाली व तिचे मुख्यालय पुण्यात आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ओरॅकल कंपनीची डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरची परीक्षा आपल्या तरुणांत फार गाजली. तिच्या एका काळच्या पाच विषयांकडे नजर टाका : प्रश्न विचारण्याची भाषा, डेटाबेसची व्यवस्था, बॅकअप व रिकव्हरी, कामाचा वेग आणि नेटवर्क. पुढच्या, म्हणजे ‘नाइन आय’ या पिढीत नेटवर्क आणि बॅकअप-रिकव्हरी हे दोन विषय एकाच पेपरात घातले गेले. त्या प्रमाणपत्राच्या बळावर कित्येक तरुण पुण्या-मुंबईतून परदेशी गेले. त्याबरोबर प्रश्नोत्तरे पाठ करून प्रमाणपत्र मिळविणारेही निघाले. त्या पिढीत प्रत्यक्ष हाताने काम करावयाचा वर्ग सक्तीचा केला गेला, तो योग्यच होता. पोहणे पुस्तकातून येत नाही.

नेटवर्क आणि बॅकअप यांची सांगड

हे दोन विषय एका पेपरात का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. दफ्तर कितीही नीटनेटके असले, तरी तेथे जाण्याचा रस्ता बंद असेल तर त्याचा उपयोग नाही, हे पहिले कारण. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. दूरसंचार जोडण्यांतील बिघाडातून हा प्रसंग ओढवला होता. व्यवहार पुन्हा सुरू झाले, ते दुपारी पावणेचार वाजता. बाजाराचे पर्यायी केंद्र असताना काम तेथे का हलविले नाही, याचा खुलासा नियामक संस्थेने मागितला. दुसरा दरवाजा असणे वेगळे आणि वेळेला तो उघडणे वेगळे.

दुसरे कारण याच्या अगदी उलट आहे. ज्या रस्त्याने माहिती जाते, त्याच रस्त्याने रोगही येतो. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातकी प्रोग्रॅमने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक काही तासांत निकामी केले. आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाचे जे टर्मिनल आहे, त्याचेही कामकाज विस्कळीत झाले. संगणकावर कोणास प्रवेश द्यावा याची यादी सांभाळणारी सुमारे दीडशे यंत्रे कंपनीकडे होती. ती एकमेकांची नक्कल सतत करीत, म्हणून वेगळी प्रत ठेवण्याची गरज कोणास वाटली नव्हती. रोग आला आणि ती सारी एकदम गेली.

वाचले ते एकच यंत्र, आफ्रिकेतील घाना देशातले. कारण काय? तेथे त्या वेळी वीज गेली होती आणि यंत्र नेटवर्कपासून तुटले होते! घानातून इंग्लंडपर्यंत एवढी माहिती पाठविण्याइतकी तेथील जोडणी जलद नव्हती. तेथील कर्मचाऱ्यांपाशी ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एका कर्मचाऱ्याने हार्ड डिस्क घेऊन नायजेरिया गाठले, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनला पोहोचली. त्यानंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करण्यात आले. या प्रसंगातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. सतत होणारी नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकीचीही नक्कल त्याच क्षणी होते. एक तरी प्रत नेटवर्कपासून दूर, स्वतंत्र ठेवलीच पाहिजे. जाणकार म्हणतात, प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी.

न पारखलेली नक्कल

आणखी एक धडा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत, रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकून भलत्याच यंत्रावर आज्ञा दिली आणि चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच निरनिराळ्या पद्धती होत्या. त्यांतील एकही धड उपयोगी पडली नाही. रोजची प्रत मुळी निघतच नव्हती, आणि ‘प्रत निघाली नाही’ असे कळविणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली, तिच्यावर निभावले. कंपनीने हे सारे लपविले नाही; दुरुस्तीचे काम जगाला थेट दाखविले आणि चुका लिहून प्रसिद्ध केल्या. हा मोठेपणा आहे.

कोणी म्हणेल, हे खाजगी कंपन्यांचे झाले, सरकारे आता शहाणी झाली असतील. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात शासनाच्या माहिती केंद्रात बॅटरीमुळे आग लागली. ७०९ शासकीय प्रणाली बंद पडल्या. बऱ्याच प्रणालींची प्रत अन्यत्र असल्याने त्या पुढे सावरता येणार होत्या. परंतु सरकारी नोकर ज्यात आपले कागद ठेवीत, तो ‘जी-ड्राइव्ह’ हा ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. साठा फार मोठा म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. सेंट लुईस आणि देजॉन यांच्यामध्ये बावन्न वर्षे आहेत. कागद जाऊन यंत्र आले, तरी चूक तीच राहिली.

विद्यार्थ्यांनो, पालकांनो

आज ‘क्लाउड’वर बॅकअप आपोआप निघतो, मग या विद्येची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. प्रत यंत्र काढते, हे खरे. पण ती किती दिवस ठेवावयाची, कोठे ठेवावयाची, किती मिनिटांचे काम गमावणे परवडेल आणि किती तासांत सारे परत उभे राहिले पाहिजे, हे यंत्र ठरवीत नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओ. व्ही. एच. कंपनीचे माहिती केंद्र जळाले, तेव्हा ज्यांची मूळ माहिती आणि प्रत एकाच आवारात होती, त्यांतील काहींनी दोन्ही गमावली. प्रत आहे या समाधानात ते होते; ती कोठे आहे हे त्यांनी विचारले नव्हते.

पालकांना माझे सांगणे एवढेच, की संगणकाचे शिक्षण म्हणजे केवळ प्रोग्रॅम लिहिणे नव्हे. दफ्तर सांभाळणाऱ्या माणसाची गरज बँकेला आहे, रुग्णालयाला आहे, बंदराला आहे, तालुक्याच्या कचेरीलाही आहे. या कामाला भपका नाही. सर्व सुरळीत चालले तर त्याचे नाव कोणी घेत नाही. परंतु शिस्त, सचोटी आणि चिकाटी असलेल्या मुलाला, आणि मुलीलाही, येथे मानाची भाकरी मिळते. अभ्यासक्रम निवडताना जाहिरात पाहू नका. तेथे विचारा, की विद्यार्थ्याकडून मोडलेला डेटाबेस प्रत्यक्ष दुरुस्त करून घेतात का? उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरीकडे चौकशी करा.

विद्यार्थ्यांनो, सुरुवात करण्यास मोठी फी लागत नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जन्मलेला आणि १९९६ पासून पोस्टग्रेस्क्यूएल या नावाने ओळखला जाणारा डेटाबेस फुकट मिळतो. घरचा किंवा शाळेतला जुना संगणक त्याला पुरतो. त्यात आपल्या वर्गाचा हजेरीपट तयार करा. त्याची प्रत काढा आणि ती दुसऱ्या संगणकावर न्या. म्हणजे नेटवर्कचा पहिला पाठ होईल. नंतर थोड्या नव्या नोंदी घाला आणि धीर करून मूळ हजेरीपट पुसून टाका. आता घड्याळ समोर ठेवा आणि प्रत व लॉग यांच्या साहाय्याने पुसण्यापूर्वीच्या मिनिटाची स्थिती परत आणा. पहिल्या वेळी कदाचित सारा दिवस जाईल. कोठे अडले, काय चुकले, ते वहीत लिहा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. पाचव्या-सहाव्या खेपेस हेच काम अर्ध्या तासात होऊ लागेल, तेव्हा ती वही जपून ठेवा. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्राबरोबर तीही पुढे ठेवता येईल.